कोरड्या कुरणांवरील चराई: जनावरांची संख्या, विश्रांतीची वेळ आणि बदलत जाणारे गवत

तृणांकुर (धागालेखक):

कमी पावसाच्या गवताळ प्रदेशांवर चर्चा सुरू झाली की ती बहुतेक वेळा जनावरांच्या संख्येपाशी येऊन थांबते. जनावरे फार झाली म्हणून कुरण उजाड झाले, संख्या कमी केली की ते परत येईल, असा तो सरळ हिशेब असतो. संख्येचे महत्त्व मी नाकारत नाही. मात्र कोणते गवत टिकेल, कोणते मागे हटेल आणि त्याच्या जागी काय येईल, हे ठरवणारे आणखी दोन प्रश्न आहेत: गवत कोणत्या अवस्थेत असताना खाल्ले गेले, आणि खाल्ल्यानंतर जमिनीतली ओल संपण्याआधी त्याला किती उसंत मिळाली? हे प्रश्न मागे पडतात असे मला वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात एका रोपापासून करू. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, त्यामुळे शेंडा खुडला गेला तरी पान पुन्हा वाढते. याच गुणामुळे गवत चराईला इतर बहुतेक वनस्पतींपेक्षा जास्त सोसते. पण फुलोऱ्याची काडी उंच होऊ लागली की अनेक जातींत तो कोंब पानांच्या पुंजक्यातून वर येतो आणि जनावराच्या तोंडाला लागतो. त्या वेळी तो गेला तर रोपाला बुडाशी असलेल्या डोळ्यांतून नवे फुटवे काढावे लागतात, आणि त्यासाठी पाणी व साठवलेले अन्न दोन्ही खर्च होते. शिवाय पानांचा मोठा हिस्सा गेला की मुळांची वाढही थांबते. क्रायडर यांनी १९५५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातर्फे प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाने सुमारे ४० टक्क्यांपर्यंत छाटली तरी मुळे वाढत राहिली, तर ८० टक्के छाटल्यावर त्यांची वाढ काही दिवस पूर्ण बंद पडली. हे नियंत्रित परिस्थितीतले प्रयोग असल्याने आकडे जसेच्या तसे रानाला लावू नयेत, पण दिशा स्पष्ट आहे. जिथे भरपूर पाऊस पडतो तिथे हे खोळंबलेले दिवस भरून निघतात. जिथे वाढीची सगळी मुदतच काही आठवड्यांची असते, तिथे मुळे खोल जाण्याआधीच माती सुकते आणि ते रोप पुढच्या दुष्काळात दुबळेपणाने शिरते.

दुसरी गोष्ट म्हणजे जनावर निवडून खाते. गाय जिभेने गवताचा झुपका ओढून घेते, मेंढी अरुंद तोंडाने जमिनीलगतचा कोवळा भाग आणि रुंद पानांच्या लहान वनस्पती वेचते, शेळी झुडपांकडे वळते. चवदार बहुवर्षायू (म्हणजे अनेक वर्षे जगणाऱ्या) गवताचे पान जाते आणि त्याच्या शेजारचे कुसळी गवत किंवा कडू झुडूप तसेच राहते. त्यामुळे चवदार गवताचे नुकसान दोन बाजूंनी होते, कारण त्याची स्वतःची वाढ खुंटतेच, शिवाय त्याने न वापरलेले पाणी शेजाऱ्याला मिळते. कोरड्या प्रदेशातील वनस्पतींच्या समूहात होणारा बदल मुख्यतः या असमान स्पर्धेतून घडतो.

याच निरीक्षणावर डिक्स्टरहुइस यांनी १९४९ मध्ये वनस्पतींचे तीन गट मांडले: चराई वाढली की घटणाऱ्या, चराई वाढली की काही काळ वाढणाऱ्या, आणि मुळात तिथे नसलेल्या पण मोकळ्या जागेत घुसणाऱ्या. आपल्या परिचयाच्या गवतांत मारवेल पहिल्या गटात धरता येईल, तर कुसळी गवत बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या गटासारखे वागते. मात्र तेच गवत दुसऱ्या प्रदेशात दुसऱ्या गटात जाऊ शकते. अंजन गवत भारतात आणि आफ्रिकेत उत्तम चारा म्हणून जपले जाते, पण ऑस्ट्रेलियात आणि उत्तर अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटात तेच आक्रमक ठरले आहे.

या ऱ्हासाचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातले होर्नादा प्रयोगक्षेत्र. ते १९१२ मध्ये स्थापन झाले आणि तिथे वर्षाला सरासरी सुमारे २५० मिलिमीटर पाऊस पडतो. १८५८ च्या भूमापनाच्या नोंदींवरून दिसते की त्या वेळी निम्म्याहून अधिक क्षेत्रावर झुडपे नव्हती, आणि १९६३ पर्यंत झुडपांविना जागाच उरली नाही. तिथले ब्लॅक ग्रामा नावाचे गवत बियांपासून क्वचितच रुजते आणि मुख्यतः जमिनीलगत पसरणाऱ्या खोडांनी वाढते. अशा गवताचे झुपके चराईत आणि दुष्काळात एकदा मेले की ते परत येण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. मग उघड्या मातीवरून वारा आणि पाणी कण वाहून नेतात, ते मेस्किटच्या झुडपांखाली साचतात, आणि पूर्वी सर्वत्र सारखा पसरलेला कस झुडपांखालच्या लहान लहान सुपीक बेटांत गोळा होतो. श्लेसिंगर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या प्रक्रियेची मांडणी केली. या टप्प्यानंतर जनावरे पूर्णपणे काढली तरी गवत आपोआप परतत नाही. म्हणून मला असे म्हणायचे आहे की चराईचे व्यवस्थापन ही मुख्यतः हा उंबरठा ओलांडण्यापूर्वी करायची गोष्ट आहे.

रानवाट:

लेख आवडला, पण त्यात दोन वेगळ्या चौकटी एकत्र आल्या आहेत आणि त्या सुट्या करायला हव्यात. घटणाऱ्या, वाढणाऱ्या आणि घुसणाऱ्या वनस्पतींची मांडणी क्लेमेंट्स यांच्या १९१६ च्या अनुक्रमणाच्या, म्हणजे वनस्पतींचे समूह ठरावीक क्रमाने बदलत जातात या, कल्पनेवर उभी आहे. तिच्यात असे गृहीत धरलेले असते की चराई वनस्पतींना पायऱ्या उतरायला लावते आणि चराई कमी केली की त्या त्याच पायऱ्यांनी परत वर चढतात. होर्नादाचे उदाहरण मात्र याच्या नेमके विरुद्ध सांगते. वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेयर यांनी १९८९ मध्ये पायऱ्यांऐवजी अवस्था आणि स्थित्यंतरे अशी भाषा सुचवली ती याचसाठी. कुरण बराच काळ एका अवस्थेत राहते, मग दुष्काळ, वणवा, अतिवृष्टी किंवा चराई यांचा योग जुळून आला की ते दुसऱ्या अवस्थेत जाते, आणि परतीची वाट वेगळी असते किंवा मुळीच नसते. यातून व्यवस्थापकाचे कामही बदलते. दरवर्षी ठरावीक संख्या पाळत बसण्यापेक्षा चांगल्या वर्षात मिळणारी संधी साधणे आणि वाईट वर्षातला धोका टाळणे हे त्याचे काम ठरते.

त्याहून पुढचा मुद्दा असा की काही प्रदेशांत पाऊस इतका लहरी असतो की जनावरांचा आणि गवताचा समतोल कधी साधतच नाही. एलिस आणि स्विफ्ट यांनी १९८८ मध्ये केनियातील तुर्काना प्रदेशाबद्दल हेच दाखवले. तिथे काही वर्षे सलग पाऊस हुकतो, जनावरे मोठ्या प्रमाणात मरतात, आणि कळप पुन्हा भरेपर्यंत पुढचा दुष्काळ येतो. गवत किती उगवेल हे पाऊस ठरवतो. त्या गवतावर कायमचा ठसा उमटेल इतकी जनावरे पुरेसा काळ तिथे टिकतच नाहीत. वार्षिक पावसाचा चलन गुणांक (पाऊस सरासरीपासून वर्षानुवर्षे किती हेलकावतो याचे माप) सुमारे ३३ टक्क्यांच्या वर असेल तर अशी स्थिती संभवते, असा ढोबळ निकष अभ्यासक वापरतात. अशा ठिकाणी प्रति हेक्टर इतकीच जनावरे हा नियम लावून मेंढपाळांचे स्थलांतर रोखणे हा कुरणावरही अन्याय आहे आणि माणसांवरही. हे मी तळमळीने लिहीत आहे, कारण चराईबंदीचे अनेक निर्णय याच गैरसमजातून झाले आहेत.

तृणांकुर:

पायऱ्यांच्या कल्पनेबद्दलची दुरुस्ती मान्य आहे. चराईच्या दाबाखाली कोण आधी जाते आणि कोण नंतर येते, याचे वर्णन म्हणून ते तीन गट उपयोगी पडतात. परतीचा नकाशा म्हणून मात्र ते वापरू नयेत.

तुर्कानाबाबत एक भर घालतो. इलियस आणि ओकॉनर यांनी १९९९ मध्ये लक्षात आणून दिले की अशा लहरी प्रदेशांतही जनावरे कोरड्या ऋतूत ज्या जागांवर तगतात, म्हणजे नदीकाठचे पट्टे, सखल ओलसर भाग आणि झाडांच्या शेंगा, तिथे जनावरांचा आणि चाऱ्याचा संबंध घट्टच असतो. कळपाची संख्या या मोजक्या जागा ठरवतात, आणि पावसाळ्यात तोच कळप बाकीच्या विस्तीर्ण रानात पसरतो. त्यामुळे बाहेरून चारा आणून किंवा नवे पाणवठे करून दुष्काळातला जनावरांचा मृत्यू टाळला, तर पहिला पाऊस पडताच नुकत्याच फुटणाऱ्या गवतावर पूर्ण कळप उभा राहतो. जनावरे वाचवू नयेत असे मी म्हणत नाही, पण वाचवलेली जनावरे पहिल्या पावसानंतरचे काही आठवडे कुठे ठेवायची, याची सोय त्या मदतीचाच भाग असली पाहिजे.

मोजणीदार:

धाग्याच्या मुख्य दाव्याला माझा अंशतः विरोध आहे. विश्रांतीची वेळ संख्येइतकीच निर्णायक असती, तर फिरत्या चराईच्या, म्हणजे जनावरे एका तुकड्यातून दुसऱ्यात हलवत राहण्याच्या, प्रयोगांत ते दिसायला हवे होते. ब्रिस्के आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. बहुसंख्य प्रयोगांत, जनावरांची घनता सारखी ठेवली असता, फिरती चराई सलग चराईपेक्षा सरस ठरली नाही. गवताच्या उत्पादनातही नाही आणि जनावरांच्या वाढीतही नाही. फरक पडला तो घनतेमुळे आणि हवामानामुळे. एका लहान तुकड्यात खूप जनावरे थोडा वेळ दाटीने चारून पुढे नेण्याची जी पद्धत ॲलन सेव्हरी यांच्यामुळे प्रसिद्ध झाली, तिच्याबद्दलचे मोठे दावे नियंत्रित प्रयोगांत टिकलेले नाहीत. खुरांनी माती फोडल्यामुळे पाणी जास्त मुरते हा त्यांतला एक दावा आहे, पण दाट तुडवणुकीखाली पाणी मुरण्याचे प्रमाण उलट घटल्याचेच मोजमाप अनेक ठिकाणी मिळाले आहे.

दुसरे असे की चराईचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो. मिल्चुनास, साला आणि लाउएनरोथ यांनी १९८८ मध्ये दोन गोष्टींवर बोट ठेवले: प्रदेश किती कोरडा आहे, आणि तिथल्या वनस्पती मोठ्या चरणाऱ्या प्राण्यांसोबत किती काळ उत्क्रांत झाल्या आहेत. कोलोरॅडोतील आखूड गवताच्या मैदानात १९३९ पासून हलकी, मध्यम आणि जड चराई शेजारी शेजारी चालू ठेवून पाहिली गेली. तिथे ब्लू ग्रामा हे बुटके गवत जड चराईतही टिकून राहिले, आणि कुंपण घालून चराई थांबवलेल्या तुकड्यांतली वनस्पतींची रचनाच जास्त वेगळी झाली. त्या मैदानावर बायसनचे (अमेरिकेतील रानगव्यांचे) कळप दीर्घकाळ चरत होते, आणि आखूड बांधा व जमिनीखालचा मोठा साठा हे गुण कोरडेपणालाही उपयोगी पडतात आणि चराईलाही. याउलट रॉकी पर्वताच्या पश्चिमेकडील ग्रेट बेसिनमध्ये मोठे कळप फारसे नव्हते. तिथल्या झुपकेदार गवतांना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली वसंतातली चराई झेपली नाही, आणि त्यांच्या जागी युरेशियातून आलेले चीटग्रास हे वर्षायू (एकाच हंगामात उगवून मरणारे) गवत पसरले.

तृणांकुर:

तुम्ही दिलेला आढावा मी मानतो, आणि त्यामुळे माझे विधान अधिक नेमके करावे लागेल. त्यातील बऱ्याच प्रयोगांत जनावरे एका तुकड्यातून दुसऱ्यात दिनदर्शिकेप्रमाणे हलवली जात होती. ठरावीक दिवस पूर्ण झाले की पुढचा तुकडा, मग पाऊस पडला असो वा नसो. कोरड्या ऋतूत दिलेली विश्रांती गवताच्या वाढीच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असते, कारण वाढ तेव्हा बंदच असते. विश्रांती पावसानंतरच्या वाढीच्या काळात मिळाली तरच तिला अर्थ आहे. दुसरे म्हणजे प्रयोगांचे तुकडे लहान असतात आणि त्यांत पाणी जवळच असते, त्यामुळे मोठ्या रानात होणारी असमान चराई तिथे दिसत नाही. ही कारणे देऊन मी त्या आढाव्याचा निष्कर्ष उलटवू पाहत नाही. घनता पहिली, हे मान्य करतो. पण घनता मर्यादेत ठेवल्यानंतर उरलेल्या बदलातला मोठा वाटा वेळेचा आणि जागेचा आहे, असे माझे सुधारित म्हणणे आहे. तुमच्या ग्रेट बेसिनच्या उदाहरणातही घाव वसंतातल्या चराईने घातला, म्हणजे गवत नेमके वाढीत असताना.

जागेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सरासरी घनता इथे फसवते. लँग यांनी १९६९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात पाणवठ्याभोवती तयार होणारी वर्तुळे अभ्यासली. पाण्यालगत तुडवलेली उघडी माती असते, तिच्या बाहेर न खाल्ल्या जाणाऱ्या किंवा झटपट उगवणाऱ्या वर्षायू वनस्पती, आणि अंतर वाढेल तसतशी चवदार बहुवर्षायू झाडोऱ्याची संख्या वाढत जाते. कुरणाची सरासरी घनता कागदावर हलकी दिसत असतानाही पाण्याजवळचा भाग अतिचराईत असतो. पाणवठे जवळजवळ केले तर चराई समान पसरते हे खरे, पण त्याबरोबर पाण्यापासून दूर असल्यामुळे वाचलेली जागाही नाहीशी होते. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या चराऊ प्रदेशांत आता बहुतेक जमीन कोणत्या ना कोणत्या पाणवठ्यापासून १० किलोमीटरच्या आत आहे. ज्या जाती केवळ न चरलेल्या जागीच तग धरतात त्यांच्यासाठी हे गंभीर आहे. म्हणून सगळे रान समान चारले जावे हे ध्येय मला पटत नाही. काही पाणवठे आलटून पालटून बंद ठेवता आले, तर कुंपणाविनाही विश्रांती देता येते.

झुडूप:

झुडपांच्या वाढीमागचे एक कारण धाग्यात अजून आलेले नाही, ते म्हणजे वणवा. ज्या सॅव्हाना प्रदेशांत गवत आणि झाडे एकत्र असतात, तिथे वाळलेले गवत हेच वणव्याचे इंधन असते आणि वणवा झुडपांची कोवळी रोपे मारतो. सततच्या चराईने इंधन संपले की वणवा पसरत नाही आणि झुडपे सुटतात. ग्रेट बेसिनमध्ये मात्र उलटे घडले. चीटग्रास लवकर वाळते आणि सलग पसरलेले असते, त्यामुळे वणवे वारंवार लागू लागले आणि सेजब्रशची मूळ झुडपेच जळून गेली. चराईतून सुरू झालेले दोन प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध दिशांना गेले, आणि दोन्ही ठिकाणी बहुवर्षायू गवतच हरले.

जनावर स्वतः बी वाहून नेते हेही लक्षात घ्यावे. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात खारे वाळवंट पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकात वेडी बाभूळ लावली गेली. तिच्या गोड शेंगा गुरे आवडीने खातात, बी पचत नाही, आणि शेणातून ते ओलाव्यासह व खतासह नव्या जागी पडते. गवत कमी झाले की गुरे शेंगांवर अधिक अवलंबून राहतात आणि पसरण्याचा वेग वाढतो. अशा ठिकाणी फक्त गुरांची संख्या कमी करण्याने झाडे हटणार नाहीत. झाडे काढणे आणि शेंगा पिकण्याच्या काळात गुरे कुठे चरतात यावर लक्ष ठेवणे, दोन्ही लागेल.

नवा_सभासद:

चर्चा वाचून एक साधा प्रश्न पडला. जिथे कुरण खराब झाले आहे तिथे जनावरे पूर्णपणे बंद करून निसर्गावर सोडले, तर ते सर्वांत सुरक्षित नाही का?

रानवाट:

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कुरण कोणत्या अवस्थेत आहे यावर अवलंबून आहे. चवदार गवतांचे जिवंत झुपके अजून विखुरलेले असतील, तर काही पावसाळ्यांची पूर्ण बंदी फार उपयोगी पडते, कारण त्यांना बी धरायला आणि पसरायला संधी मिळते. उंबरठा ओलांडला असेल तर बंदी पुरेशी नसते. आणि कुरण चांगले असेल तर कायमची बंदी काही ठिकाणी हानीसुद्धा करते, कारण उंच गवतांत जुन्या वाळलेल्या काड्यांचा थर साचतो, बुडाशी ऊन पोहोचत नाही आणि लहान वनस्पती दबून जातात. अतिकोरड्या प्रदेशात हा थर साचण्याइतके गवतच वाढत नाही, त्यामुळे तिथे हा युक्तिवाद लागू करू नये.

केनियातील लायकिपियात १९९५ पासून चालू असलेल्या प्रयोगात गुरे, मध्यम आकाराचे वन्य तृणभक्षी आणि हत्ती-जिराफ यांना वेगवेगळ्या जुळण्यांनी आत-बाहेर ठेवले जाते. तिथल्या २०११ च्या अभ्यासात असे दिसले की झेब्र्यांसारखे वन्य प्राणी कोरड्या ऋतूत गुरांचे वजन वाढू देत नाहीत, पण ओल्या ऋतूत त्यांनी जून काड्या खाल्ल्यामुळे गुरांना अधिक सकस चारा मिळतो आणि त्यांची वाढ सुधारते. तेच प्राणी, तीच जमीन, आणि ऋतूप्रमाणे संबंध बदलतो.

त्याच देशातून आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मेंढपाळ रात्री जनावरे जिथे कोंडतात तिथे शेण साचते, आणि जागा सोडल्यावर तिथे कसदार माती व पौष्टिक गवत असलेला मोकळा पट्टा तयार होतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैर्ऋत्य केनियातील अशा जागा सुमारे १,५५० ते ३,७०० वर्षांपूर्वीच्या वस्त्यांच्या असल्याचे आणि तिथली माती आजही आसपासपेक्षा समृद्ध असल्याचे आढळले. फिरते पशुपालन जमिनीचा कस घटवतेच असे मानणाऱ्यांनी हे आवर्जून वाचावे.

मोजणीदार:

त्याला जोडून २०२२ चा मेस्त्रे आणि सहकाऱ्यांचा अभ्यास सांगतो, कारण तो एका जागेपुरता नाही. २५ देशांतील ९८ ठिकाणी चराईचा दाब, हवामान, माती आणि जैवविविधता एकत्र मोजली गेली. चराईचे परिणाम थंड आणि जास्त वनस्पती-जाती असलेल्या ठिकाणी बऱ्याचदा अनुकूल, तर उष्ण आणि कमी जाती असलेल्या ठिकाणी प्रतिकूल दिसले. तापमान वाढत असताना याचा अर्थ असा निघतो की आज झेपणारी घनता पुढे झेपेलच असे नाही.

नवा_सभासद:

उत्तरांबद्दल आभार. मग उंबरठा जवळ आला आहे हे प्रत्यक्ष रानात कसे ओळखायचे, आणि दुष्काळ सरल्यावर कळप परत कधी आणायचा?

तृणांकुर:

हिरवेपणावर विश्वास ठेवू नये. पाऊस पडला की वर्षायू गवतांनी उजाड रानही हिरवे दिसते. बहुवर्षायू झुपक्यांच्या बुडाने किती जमीन व्यापली आहे ते पाहावे, कारण बुडांचा घेर पावसाप्रमाणे लगेच बदलत नाही. दोन झुपक्यांमधली मोकळी अंतरे दरवर्षी त्याच ठरलेल्या रेषेवर मोजावीत. लहान मोकळ्या जागा एकमेकींना जोडल्या जाऊन वाऱ्याला आणि वाहत्या पाण्याला सलग वाट मिळू लागली, तर तो सर्वांत मोठा इशारा समजावा. जमिनीवरचा पालापाचोळा आणि मातीवरचे शैवाल-दगडफुलांचे पातळ कवच टिकून आहे का हेही पाहावे. काही प्रदेशांत हे कवच तुडवले गेल्यावर सावरायला दशके लागतात. चवदार जातींची नवी रोपे दिसतात की केवळ म्हातारे झुपके उरले आहेत, हे मी स्वतः सर्वांत आधी पाहतो.

परतण्याच्या वेळेबद्दल सांगायचे तर पहिला पाऊस ही खूण मानू नये. दुष्काळातून वाचलेले झुपके त्या वेळी शेवटच्या साठ्यावर पाने फोडत असतात. त्यांना पुरेशी पाने यावीत आणि शक्य असेल तर त्या हंगामात बी पिकून गळावे, इतका अवधी द्यावा. तोवर कळप पूर्वीच राखून ठेवलेल्या तुकड्यावर, गोळा केलेल्या चाऱ्यावर किंवा वर्षायू गवताच्या भागात ठेवावा, आणि परत आणताना दुष्काळापूर्वीच्या संख्येपेक्षा कमी जनावरांनी सुरुवात करून बुडांचा घेर वाढेल तशी संख्या वाढवावी.

मोजणीदार:

एवढ्यावर माझेही एकमत आहे. फक्त एक सूचना जोडतो: ज्या रेषेवर मोजमाप कराल तिच्या शेजारी कुंपण घातलेला एक लहान तुकडा ठेवा. तो नसेल, तर दिसलेला बदल पावसामुळे झाला की चराईमुळे, हे कोणत्याही वर्षी खात्रीने सांगता येणार नाही.